लॅपटॉप आणि मुक्त प्रणाली यांची सोयरीक

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा एक जाडजूड लॅपटॉप काखेत मारून घरी आला. मुलगा स्थापत्य अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. पुलांची व इमारतींची त्रिमिती चित्रे काढावयाची तर यंत्र भक्कम हवे. आणि असे यंत्र नवे घ्यावयाचे तर लाखाच्या वर रक्कम मोजावी लागते. म्हणून त्याने बेंगळुरूच्या एका व्यापाऱ्याकडून, एका मोठ्या कंपनीने वापरून काढून टाकलेले यंत्र घेतले. पैसे माझ्या बहिणीने भिशीतून दिले होते. "मामू, मूळ किमतीच्या दहाव्या हिश्शात मिळालं!" असे तो मोठ्या उमेदीने सांगत होता, आणि यंत्र होतेही चांगले. परंतु त्याच महिन्याच्या १४ तारखेस विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबविली होती. घरगुती ग्राहकांस ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सोय तेवढी ठेवलेली होती. विंडोज ११ साठी ज्या अटी आहेत त्यांत हे यंत्र बसत नव्हते. व्यापाऱ्याने ही गोष्ट सांगितली नव्हती, आणि भाच्याने विचारली नव्हती. आता पुढे काय, म्हणून स्वारी माझ्याकडे आली.

मी काही संगणकाचा पंडित नव्हे. शाळेत विज्ञान शिकवितो, आणि शाळेतील संगणक बिघडले की माझ्याकडेच बोट दाखविले जाते, एवढाच माझा अधिकार. तथापि पुढील चार-पाच महिने आम्ही मामा-भाच्यांनी त्या यंत्राच्या मागे घालविले. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो, कारण अशी यंत्रे आता घरोघरी येऊ लागली आहेत.

प्रथम ही यंत्रे कोणती ते पाहू. त्यांस 'मोबाइल वर्कस्टेशन' म्हणतात. लेनोव्होची थिंकपॅड पी मालिका, डेलची प्रिसिजन, एचपीची झेडबुक ही त्यांतील ठळक नावे. अभियंते, चित्रपटांचे संकलक, भूगर्भाचे नकाशे करणारे अशा लोकांसाठी ती बनविलेली असतात. साध्या लॅपटॉपपेक्षा ती जड, पण आतून प्रशस्त. २०१५ साली आलेल्या थिंकपॅड पी५० मध्ये स्मृतीच्या पट्ट्यांसाठी चार खाचा होत्या व ६४ जीबीपर्यंत स्मृती बसे. सर्व्हरांत वापरला जाणारा झिऑन जातीचा प्रोसेसरही त्यात मिळे. कंपन्या अशी यंत्रे थोडी वर्षे वापरून घाऊक विकून टाकतात, आणि मग ती जुन्या बाजारात येतात. विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडता, इंटेलचा आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. पी५० व पी५१, प्रिसिजन ७५१० व ७५२०, झेडबुक १५ ची तिसरी व चौथी आवृत्ती ही सारी सहाव्या-सातव्या पिढीची. अंगात ताकद असूनही केवळ जन्मसालामुळे ती नापास होतात. अशा यंत्रांपुढे भंगाराखेरीज एकच वाट उरते. ती म्हणजे लिनक्ससारखी मुक्त प्रणाली.

'मुक्त' याचा अर्थ फुकट एवढाच नव्हे. जिची मूळ लिखित संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व पुढे देता येते, ती मुक्त प्रणाली. उबुंटू, फेडोरा, डेबियन ही लिनक्सचीच निरनिराळ्या मंडळींनी बांधलेली रूपे. केरळातील सरकारी शाळांतून उबुंटूवर आधारलेली प्रणालीच मुले वापरतात. तेव्हा ही काही प्रयोगशाळेत बंद असलेली वस्तू राहिलेली नाही. प्रश्न असतो तो एवढाच, की आपल्या हातातल्या यंत्राशी तिचे जमेल काय?

हा प्रश्न या चळवळीच्या जन्माइतकाच जुना आहे. किंबहुना त्याच प्रश्नातून तिचा जन्म झाला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर मिळाला. तो वरचेवर अडे. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या संहितेत फेरफार करून, कागद अडकला की संबंधितांस तशी सूचना मिळावी अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र त्यांस मिळेना. ज्याच्याजवळ ती होती त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्यामुळे देण्यास साफ नकार दिला. यंत्र आपल्या दारात, आणि त्याशी बोलण्याची भाषा मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत, हे त्यांस फार लागले. १९८३ साली त्यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. आपल्याजवळ जी हार्ड डिस्क आहे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्रकारची तीवर बहुधा कधीच चालणार नाही, असेही त्याने त्यात प्रांजळपणे लिहून टाकले होते! आज त्या लिनक्सच्या गाभ्याची निम्म्याहून अधिक संहिता निरनिराळ्या जोडभागांशी बोलणाऱ्या ड्रायव्हरांनीच व्यापलेली आहे.

ड्रायव्हर हा शब्द ऐकून गाडीचा चालक डोळ्यांसमोर येतो; मला तो दुभाष्या वाटतो. आमच्या बेळगावच्या बाजारात मराठी, कन्नड व दखनी अशा तिन्ही भाषा एकाच दुकानात चालतात. ज्याला एकच येते त्याला मध्ये कोणीतरी समजावून सांगणारा लागतो. संगणकाच्या आत तसेच आहे. पडदा, ध्वनी, बिनतारी जोडणी, कॅमेरा, बोटाचा ठसा वाचणारा भाग हे प्रत्येक निरनिराळ्या कारखान्याचे, आणि प्रत्येकाची बोली निराळी. गाभ्याने सांगितलेले त्या त्या भागास त्याच्या बोलीत समजावून सांगतो तो ड्रायव्हर. म्हणूनच "हा लॅपटॉप लिनक्सवर चालतो का?" हा प्रश्नच मुळी ढोबळ आहे. झाकणावरचे नाव पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. एकाच नावाच्या, एकाच वर्षीच्या दोन यंत्रांत बिनतारी कार्ड निराळे असू शकते, ग्राफिक्स कार्ड निराळे असू शकते. सोयरीक यंत्राशी नसून त्यातील प्रत्येक माणसाशी जुळवावी लागते, असे म्हणा ना.

आतले भाग ओळखावे कसे? त्याची युक्ती मोठी सुरेख आहे. प्रत्येक भागास चार-चार अक्षरांचे दोन आकडे दिलेले असतात. पहिला बनविणाऱ्याचा, दुसरा वस्तूचा. इंटेलचा आकडा ८०८६. त्या कंपनीचा १९७८ सालचा प्रसिद्ध प्रोसेसर ज्यांस आठवतो ते हसतील. एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीचा १००२. यंत्र सुरू होताच गाभा हे आकडे वाचतो व आपल्याजवळच्या यादीत ताडून पाहतो. मेळ बसला की त्या दुभाष्यास पुढे करतो. न बसला तर तो भाग मुका राहतो. लिनक्समध्ये एलएसपीसीआय व एलएसयूएसबी अशा दोन लहानशा आज्ञा आहेत. त्या दिल्या की ही सारी वंशावळ पडद्यावर येते. व्यापाऱ्याच्या जाहिरातीपेक्षा हे दोन कागद अधिक खरे बोलतात. काही भागांस तर स्वतंत्र दुभाष्याही लागत नाही. यूएसबीवरचे कळफलक, माऊस व बहुतेक कॅमेरे एका ठरलेल्या सामाईक बोलीत बोलतात. एनव्हीएमई जातीच्या डिस्कही तशाच. प्रमाणभाषेचा हा फायदा शिक्षकास निराळा सांगावयास नको.

ज्या भागांस सामाईक बोली नाही त्यांचे दुभाषी लिहितो कोण, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. कारखानदाराने आपल्या चिपची माहितीपत्रके खुली केली, किंवा स्वतःच मुक्त ड्रायव्हर लिहून गाभ्यात दिला, तर तो गाभ्याबरोबर वाढतो. गाभ्यात कोणी आतला बदल केला तर त्या बदलामुळे मोडणारे सारे ड्रायव्हर दुरुस्त करण्याची जबाबदारी बदल करणाऱ्यावरच असते, अशी तेथील रीत आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे इंटेलचे बिनतारी कार्ड किंवा ग्राफिक्स आजही बिनबोभाट चालते. याउलट कारखानदाराने ड्रायव्हर बंद ठेवून बाहेरूनच पुरविला, तर जोवर त्याची इच्छा तोवर तो चालावयाचा. गाभा पुढे जातो, बंद ड्रायव्हर मागे राहतो, आणि एके दिवशी अद्ययावत केल्यावर पडदा काळा पडतो. यंत्राचे आयुष्य लोखंडाने नव्हे तर अशा एखाद्या बंद तुकड्याने ठरते. जुने यंत्र घेताना पारखावयाची खरी गोष्ट ही.

ड्रायव्हरच्या जोडीस फर्मवेअर नावाची आणखी एक वस्तू असते. ती गाभ्यासाठी नसून खुद्द त्या भागाच्या पोटात भरावयाची असते. ती भरल्याशिवाय बिनतारी कार्ड जागेच होत नाही. तिची संहिता बहुधा बंद असते. डेबियनच्या मंडळींनी तत्त्व म्हणून कित्येक वर्षे ती आपल्या अधिकृत संचात ठेवली नाही. तत्त्व थोर, पण नवख्याची पंचाईत अशी होई की, इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे, आणि फर्मवेअर उतरवून घेण्यास इंटरनेट हवे! २०२२ साली त्यांनी सभासदांचे मत घेतले आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर अधिकृत संचातच देण्यास प्रारंभ केला. मला यात तत्त्वच्युती दिसत नाही; दारापर्यंत आलेल्या पाहुण्यास उंबरठा ओलांडू द्यावा, एवढेच त्यांनी केले.

आता मुख्य गाठ. वर्कस्टेशनमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स असतात. एक प्रोसेसरच्या पोटातले इंटेलचे, कमी वीज खाणारे. दुसरे स्वतंत्र, जोरदार, पुष्कळदा एनव्हिडियाचे क्वाड्रो. पत्र लिहिताना पहिल्याने काम करावे व त्रिमिती चित्र फिरविताना दुसऱ्यास जागे करावे, अशी ऑप्टिमस नावाची योजना एनव्हिडियाने २०१० साली आणली. विंडोजवर ती चालली. लिनक्ससाठी मात्र कंपनीने त्या वेळी काहीच दिले नाही. तेव्हा हौशी मंडळींनी बंबलबी नावाचा प्रकल्प उभारून ती उणीव भरून काढली. त्यातील एक प्रकार सांगण्याजोगा आहे. २०११ साली त्यांच्या एका आज्ञावलीत पत्त्याच्या मध्ये चुकून एक मोकळी जागा पडली. त्यामुळे यूएसआर या मुख्य कप्प्यातील एक जुना तुकडा पुसण्याऐवजी तो संपूर्ण कप्पाच पुसला जाऊ लागला, आणि कित्येकांची प्रणाली जागच्या जागी निकामी झाली. शब्द तोडून लिहू नका म्हणून मी मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओततो, तेव्हा हे उदाहरण हमखास सांगतो.

नूवो नावाचा एक मुक्त ड्रायव्हरही आहे. कंपनीची माहितीपत्रके हाती नसताना, चिपचे वर्तन निरखून निरखून त्याच्या कर्त्यांनी तो लिहिला. परंतु मॅक्सवेल या घराण्याच्या दुसऱ्या पिढीपासून कंपनीने आपले फर्मवेअर सहीशिक्क्याने बंद केले. त्यामुळे नूवोस त्या चिपची गती वाढविता येईना. घोडा तबेल्यात, पण चालावयाचे पायी. जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टॉरवाल्ड्सने भर सभेत एनव्हिडियाविषयी जे उद्गार काढले व जो हातवारा केला, तो कुटुंबाने वाचावयाच्या या अंकात देता येण्याजोगा नाही. पुढे हवा पालटली. मे २०२२ मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग मुक्त केला. पण तो २०१८ सालच्या ट्युरिंग घराण्यापासून पुढच्या चिपांसाठीच. त्याआधीच्या मॅक्सवेल व पास्कल घराण्यांसाठी बंद ड्रायव्हरची ५८० क्रमांकाची शाखा ही शेवटची ठरली आहे. त्याहून जुन्या केप्लर घराण्याची, म्हणजे २०१३ च्या थिंकपॅड डब्ल्यू५४० सारख्या यंत्रांतील चिपांची, गाडी ४७० वरच थांबली. तेव्हा जुने वर्कस्टेशन घेताना क्वाड्रोच्या पुढचे अक्षर अवश्य पाहावे. के असेल तर मी घेऊ नये असे सांगेन. एम असेल तर किंमत पाडून घ्यावे. टी किंवा आरटीएक्स असेल तर निश्चिंत असावे. त्या काळच्या डेल व एचपीच्या काही यंत्रांत एएमडीचे फायरप्रो कार्डही मिळे. एएमडीने २००७ पासून आपल्या चिपांची माहितीपत्रके खुली करण्यास प्रारंभ केल्यामुळे तिचा ड्रायव्हर गाभ्यातच नांदतो. जोर थोडा कमी पडला तरी दीर्घकाळच्या संसारास तो बरा.

भाच्याच्या यंत्रात मॅक्सवेलच होते. आम्ही उबुंटू बसविले. नूवोमुळे यंत्र मधूनच गोठे, म्हणून इंटरनेटवर कोणी सांगितल्याप्रमाणे तो बंद करून टाकला. पडदा सुरळीत चालू लागला, आम्ही खूश. मग जानेवारीत आमच्या शाळेत मुलांना पुलांची चित्रे दाखविण्याचा कार्यक्रम ठेवला. नववीचे दोन वर्ग सभागृहात बसलेले, मुख्याध्यापक पहिल्या रांगेत, प्रोजेक्टरची तार जोडली, आणि भिंत कोरीच! तार बदलली, प्रोजेक्टर बदलला, भाच्यास घाम फुटला. शेवटी त्याने फळ्यावर खडूने कमानीच्या पुलाची आकृती काढून वेळ मारून नेली. (मुलांना तेच अधिक आवडले, ही गोष्ट वेगळी.) कारण घरी आल्यावर कळले. या जातीच्या पुष्कळ यंत्रांत बाहेरच्या पडद्याचे खोबण थेट स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाशीच तारेने जोडलेले असते. आम्ही त्या कार्डाचा एकुलता एक दुभाष्या घरी बसविला होता. मग प्रोजेक्टरशी बोलणार कोण? यंत्राचा स्वतःचा पडदा मात्र इंटेलकडून चालत असल्यामुळे आम्हांस शंकाही आली नव्हती.

उपाय म्हणून ५८० शाखेचा बंद ड्रायव्हर बसविला, तो उठेचना. येथे आणखी एक पहारेकरी आडवा आला. २०१२ च्या विंडोज ८ पासून लॅपटॉपांत सिक्युअर बूट म्हणून व्यवस्था असते. ओळखीची सही नसलेला तुकडा ती गाभ्याजवळ फिरकू देत नाही. उबुंटू व फेडोराच्या मूळ संचावर मान्य सही असते. नंतर आपल्या यंत्रावर बांधलेल्या ड्रायव्हरवर मात्र नसते. त्यासाठी आपली किल्ली यंत्रात नोंदवावी लागते. ड्रायव्हर बसविताना एक परवलीचा शब्द मागितला जातो, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना एक निळा पडदा काही सेकंद दिसतो. तेथे किल्ली नोंदविण्याचा पर्याय निवडून तोच शब्द द्यावयाचा. आम्ही पहिल्या खेपेस घाईने 'पुढे चला' दाबले आणि दोन दिवस डोके खाजवीत बसलो. ही व्यवस्था सरसकट बंद करून टाका असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एकदा किल्ली नोंदविली की काम भागते, मग कुलूपच काढून फेकावे कशाला?

बाकीच्या भागांची कथा लहान आहे. बिनतारी कार्ड इंटेलचे असेल तर चिंता नसावी. ब्रॉडकॉमचे असेल तर आधी चौकशी करावी. बोटाचा ठसा वाचणाऱ्या भागांत २०१७ च्या आसपासचे व्हॅलिडिटीचे पुष्कळ तुकडे कंपनीच्या आधाराविना राहिले. पुढे काही हौशींनी त्यांचे वर्तन उलगडून ड्रायव्हर लिहिला, पण तो सर्वत्र बसतोच असे नाही. परवलीचा शब्द टंकावा, काही बिघडत नाही. नव्या यंत्रांत एक उलटाच प्रकार दिसतो. इंटेलच्या अलीकडच्या काही पिढ्यांत कॅमेरा यूएसबीच्या सामाईक बोलीत न बोलता थेट प्रोसेसरच्या चित्रविभागास जोडलेला असतो, आणि त्याचा ड्रायव्हर गाभ्यात यावयास फार उशीर लागला. म्हणजे २०१७ च्या यंत्राचा कॅमेरा पेनड्राइव्ह लावताच चालतो आणि २०२२ चे महागडे यंत्र आंधळे, असेही घडले. अगदी नवे ते अगदी चांगले, हा हिशेब येथे लागू पडत नाही. वर्ष-दीड वर्ष जुन्या यंत्राशी मुक्त प्रणालीची ओळख अधिक झालेली असते.

झोपेचेही तसेच. झाकण मिटले की जुनी यंत्रे गाढ झोपत; केवळ स्मृतीपुरती वीज घेत. नव्या यंत्रांस मोबाइलसारखी सावध डुलकी शिकविली आहे. प्रत्येक भागाने त्यात नीट साथ दिली तर उत्तम, एकजण जरी जागा राहिला तरी पिशवीतला लॅपटॉप तापतो व बॅटरी संपते. २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये गाढ झोपच काढून टाकली होती. लिनक्स वापरणाऱ्यांच्या तक्रारीनंतर त्याच वर्षी लेनोव्होने बायोसमध्ये चक्क 'लिनक्स' नावाचा झोपेचा पर्याय दिला. बॅटरीविषयी एक सांगून ठेवतो. ट्युरिंगपूर्वीचे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड बंद ड्रायव्हरखाली आपोआप पूर्ण विसावत नाही. काम नसेल तेव्हा उबुंटूच्या ठरलेल्या आज्ञेने केवळ इंटेलवर यावे. भाच्याच्या यंत्रास त्याने बराच वेळ अधिक मिळू लागला.

कंपन्याही आता अंग झटकून मोकळ्या होत नाहीत, हे नमूद केले पाहिजे. डेलने २००७ पासून उबुंटू घातलेले लॅपटॉप विकावयास काढले व पुढे प्रिसिजनमध्येही तो पर्याय दिला. जून २०२० मध्ये लेनोव्होने आपली संपूर्ण थिंकपॅड पी मालिका उबुंटू व रेड हॅटसाठी प्रमाणित करण्याचे जाहीर केले. उबुंटूची प्रमाणित यंत्रांची यादी कोणासही पाहता येते. मात्र ते प्रमाणपत्र ठराविक आवृत्तीपुरते व ठराविक भागांच्या संचापुरते असते, हे ध्यानात ठेवून वाचावे. बायोस अद्ययावत करण्यास पूर्वी विंडोजच लागे. २०१५ पासून एलव्हीएफएस नावाची सेवा सुरू झाली. तीत डेल व लेनोव्हो या दोन्ही कंपन्यांचा सहभाग असल्यामुळे आता पुष्कळ यंत्रांचे फर्मवेअर लिनक्समधूनच अद्ययावत होते. लिनक्सची चुलत भावंडे फ्रीबीएसडी व ओपनबीएसडी हीही मुक्त आहेत. पण ग्राफिक्सचे ड्रायव्हर त्यांना लिनक्सकडूनच आणून बसवावे लागतात, आणि ओपनबीएसडीमध्ये तर ब्लूटूथ २०१४ सालीच काढून टाकलेले आहे. हौस असल्याखेरीज घरच्या यंत्रासाठी त्यांच्या वाटेस जाऊ नये.

आता व्यवहाराचे. व्यापाऱ्याच्या दुकानात जाताना ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोरा उतरवून न्यावे. यंत्र सुरू होताना थिंकपॅड व डेलवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबले की पेनड्राइव्हवरून चालविण्याचा पर्याय येतो. डिस्कवरचे काहीही न पुसता प्रणाली चालू होते. मग बिनतारी जोडणी लागते का, आवाज येतो का, स्वतःचा आवाज नोंदविला जातो का, कॅमेरा दिसतो का, हे पाहावे. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडावे. आणि बाहेरच्या पडद्याची तार जोडून पाहावी. दुकानात दुसरा पडदा असतोच. शेवटी त्या दोन आज्ञा देऊन आलेल्या यादीचा मोबाइलवर फोटो घ्यावा व घरी येऊन शांतपणे चौकशी करावी. अर्धा तास लागतो. जो व्यापारी अर्धा तास यंत्रास हात लावू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

दुसरी एक गोष्ट लपवून चालणार नाही. सारे भाग जुळले तरी हवा तो कार्यक्रम जुळेलच असे नाही. स्थापत्याच्या विद्यार्थ्यास लागणारे ऑटोकॅड व स्टॅड प्रो हे दोन्ही लिनक्ससाठी मिळत नाहीत. फ्रीकॅड, ब्लेंडर, नकाशांसाठी क्यूजीआयएस हे मुक्त कार्यक्रम अप्रतिम आहेत, परंतु परीक्षेत प्राध्यापक ऑटोकॅडचीच फाइल मागतात. म्हणून आम्ही डिस्कचे दोन भाग केले. एकात लिनक्स, रोजच्या कामास व इंटरनेटसाठी. दुसऱ्यात जुने विंडोज १०, केवळ त्या दोन कार्यक्रमांसाठी व इंटरनेट न जोडता. मराठीची मात्र अडचण आली नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो, युनिकोड देवनागरी स्वच्छ दिसते. पूर्वीच्या छपाईच्या खास फाँटांत जुळविलेला मजकूर तेवढा लिनक्सवर निरर्थक अक्षरे होऊन पडतो. ज्यांच्या घरी जुन्या स्मरणिकांच्या तशा फाइली असतील त्यांनी विंडोज काढून टाकण्यापूर्वी त्यांचे पीडीएफ करून ठेवावे.

मार्चमध्ये तोच कार्यक्रम शाळेत पुन्हा ठेवला. या खेपेस आदल्या संध्याकाळी सभागृह उघडून आम्ही तार जोडून पाहिली; भिंतीवर पूल उमटला, फिरविता आला, आतून पाहता आला. बहिणीस मोबाइलवर फोटो पाठविला. तिने विचारले, बोट ठेवल्यावर उघडतो का? तो भाग अजून मुकाच आहे.